तुसाच्या राखेचं सिलिकेट: राख फुकट असली तरी हिशोब बॉयलरपाशी सुरू होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एका गृहस्थांच्या मेहुण्याची नेरळजवळ भातगिरणी आहे. गिरणीचा तूस एका कारखान्याच्या बॉयलरला जातो आणि बॉयलरवाले म्हणतात, राख फुकट घेऊन जा. त्या राखेतून सोडियम सिलिकेट (साबण, खोक्यांची चिकटवण, फाउंड्री यांना लागणारं रसायन) काढायचं, त्यासाठी अंबरनाथला गाळा घ्यायचा, पुढेमागे प्रेसिपिटेटेड सिलिका (सिलिकेटमधून पाडलेली बारीक पूड, टायर-रबरात जाते) करायचा आणि उरलेला काळा गाळ अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणून विकायचा, असा बेत आहे. राख कमी पडली तर साखर कारखान्याची चालेल का, हेही त्यांनी विचारलंय.

रसायन म्हणाल तर अगदी सरळ आहे. तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका (वाळूचा मुख्य घटक) असतो. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळली की सिलिका विरघळतो, गाळून घेतलं की सिलिकेट तयार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुपारभरात होतं. व्हिडिओ बघून हा धंदा सोपा वाटतो तो इथेच. पण तुम्ही विकत घेणार (किंवा फुकट आणणार) ती नुसती राख नसते, तर दुसऱ्याच्या बॉयलरमध्ये ती कशी जळली याचा सगळा इतिहास तुमच्या टाकीत येतो. तिथे तुमचा काहीही ताबा नाही. म्हणून गाळा बघण्याआधी बॉयलर बघा.

तूस मंद तापमानाला, म्हणजे ७०० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर, नीट हवा मिळून जळला तर त्यातला सिलिका अस्फटिकी राहतो. तोच कॉस्टिकमध्ये झटपट विरघळतो. तापमान ८००-९०० च्या वर गेलं आणि राख तिथे रेंगाळली की त्याचे स्फटिक होऊ लागतात, मुख्यतः क्रिस्टोबलाइट. रिपोर्टात दोन्ही ठिकाणी 'सिलिका ९० टक्के' असंच छापून येतं, पण हा दुसरा माल साध्या उकळीला दाद देत नाही. तुम्ही कॉस्टिक ओतत राहता आणि टाकीच्या तळाशी राख तशीच बसून राहते.

त्यातही एक गोम आहे. तुसात थोडं पोटॅश असतं. तापमान चढलं की त्या पोटॅशमुळे सिलिकाचा पृष्ठभाग वितळतो आणि न जळलेला कार्बन आत कोंडला जातो. अशी काळी राख पुन्हा भट्टीत घालून पांढरी करू म्हणाल तर होत नाही. उलट आणखी स्फटिक तयार होतील. राख काळी आहे की करडी, यावरून तुम्ही अंदाज बांधत असाल तर तोही अपुरा. मंद आचेवर अर्धवट जळलेली काळी राख कधी कधी उत्तम विरघळते आणि दिसायला पांढरीशुभ्र असलेली राख दगड निघते.

बॉयलरमनला तीन गोष्टी विचाराच. पहिली, इंधन नुसता तूस आहे की ब्रिकेट (दाबून केलेल्या कांड्या)? भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या डाइंगवाल्यांकडे बहुतेक वेळा ब्रिकेट जळते आणि ब्रिकेटमध्ये भुसा, शेंगांची टरफलं, बगॅस (उसाचं चिपाड), लाकडाचा चुरा, जे मिळेल ते असतं. तिची राख तुसाची राख नव्हे. दुसरी, शेगडी साधी आहे की फ्लुइडाइज्ड बेड (खालून हवा फुंकून उसळत्या वाळूत इंधन जाळणारी)? बेडवाल्या बॉयलरला तापमान आटोक्यात राहतं हे खरं, पण बेडमध्ये वाळू असते आणि ती झिजून राखेत येते. रिपोर्टात ती सिलिका म्हणून मोजली जाते, तुमच्या टाकीत मात्र ती वाळूच राहते. तिसरी, राख कुठून काढतात? शेगडीखालची आणि सायक्लोनची (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राची) राख वेगवेगळ्या पिंपात ठेवायला सांगा. दोघींचा स्वभाव निराळा असतो आणि मिसळल्या की तुम्हाला रोज नवीन कच्चा माल मिळतो.

तपासणी सोपी आहे. राखेचं 'लॉस ऑन इग्निशन' काढा, म्हणजे न जळलेला कार्बन कळेल. मग ५० ग्रॅम सुकी राख १० टक्के कॉस्टिकच्या अर्ध्या लिटर द्रावणात स्टेनलेस स्टीलच्या झाकणबंद भांड्यात दोन तास उकळा. पाणी आटलं तर भर घाला. गाळा, गरम पाण्याने धुवा, सुकवा, वजन करा. जेवढं वजन घटलं तेवढाच तुमच्या कामाचा माल. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चुकूनही वापरू नका, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपचंही तेच. डोळ्यांवर गॉगल हवाच. गरम लायचा (कॉस्टिकच्या द्रावणाचा) एक थेंब डोळ्यात गेला तर फक्त धुण्याने भागेलच असं नाही. शिवाय एक्स-रे डिफ्रॅक्शन (स्फटिक ओळखायची चाचणी) करून घ्या. माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) किंवा एखाद्या खासगी प्रयोगशाळेत विचारा. आलेखात २२ अंशांच्या आसपास पसरट उंचवटा दिसला तर माल चांगला. तिथेच सुईसारखं टोक दिसलं तर क्रिस्टोबलाइट, आणि २६.६ अंशांना टोक दिसलं तर क्वार्ट्झ, म्हणजे वाळू. एकाच पोत्यावर निकाल लावू नका. निरनिराळ्या आठवड्यांचे नमुने घ्या आणि पावसाळ्यातला एक तरी घ्या, कारण ओला तूस जाळताना बॉयलरमन आच कशी सांभाळतो हे तेव्हाच कळतं.

आता मालाचं गणित. १०० किलो भातामागे २० किलो तूस, त्यातून ४ किलो राख, असं ढोबळ धरा. नेरळकडची गिरणी दिवसाला ८ टन भात भरडत असेल तर राख निघेल ३२० किलो, आणि तीही कापणीनंतरचे काही महिने. बाराही महिने चालवायचं तर दुसऱ्या गिरण्या लागतील. भंडारा-गोंदियात तुसाचे ढीग आहेत, पण ते मुंबईपासून जवळपास हजार किलोमीटर. राख हलकी असते, गाडी आकाराने भरते, वजनाने नाही. भाडं मात्र पुऱ्या गाडीचं द्यावं लागतं. राख फुकट, पण ती अंबरनाथला येईपर्यंत फुकट राहत नाही.

१०० किलो राखेचा एक घाण (म्हणजे एक बॅच) मांडून दाखवतो. राखेत ८७ किलो सिलिका, ८ किलो कार्बन, बाकी ५ किलो इतर क्षार. सिलिकापैकी ८५ टक्के विरघळला असं धरू, म्हणजे ७४ किलो. सिलिका आणि सोडियम ऑक्साइड यांचं वजनी गुणोत्तर २.३ हवं असेल तर ३२ किलो सोडियम ऑक्साइड लागेल, त्यासाठी साधारण ४१.५ किलो कॉस्टिक फ्लेक्स. द्रावणात घनपदार्थ १०६ किलो. ४० टक्क्यांचं सिलिकेट विकायचं तर तयार माल २६५ किलो. एक किलो द्रव मालामागे १५६ ग्रॅम फ्लेक्स आले. आजचा भाव यात टाका आणि वडगादीत (मुंबईच्या रसायन बाजारात) द्रव सिलिकेटचा दर काय चाललाय तो समोर ठेवा. धंदा आहे की नाही याची पहिली चाळणी इथेच लागते.

हाच माल भट्टीवाले कसा करतात ते बघा. ते वाळू आणि सोडा अ‍ॅश १३०० ते १४०० अंशांना वितळवून काच करतात आणि मग ती दाबाखाली पाण्यात विरघळवतात. त्यांना याच मालासाठी कॉस्टिकऐवजी ५५ किलो सोडा अ‍ॅश लागते. तुमची राख त्यांच्याकडच्या वाळूची जागा घेते, आणि वाळू हा त्यांचा सगळ्यात स्वस्त कच्चा माल आहे! म्हणजे राख फुकट मिळाल्याने तुम्ही फार काही वाचवत नाही. खरी बचत भट्टीच्या इंधनाची आहे. ती हातात राहते का, हे पाणी ठरवतं.

राख फुलते, पाणी शोषते. दाट घोळ ढवळला जात नाही आणि गाळला तर मुळीच जात नाही. म्हणून उघड्या टाकीत १०० किलो राखेला चारशे लिटरच्या आसपास पाणी घालावं लागतं आणि गाळून येतं ते २० टक्क्यांचं पातळ सिलिकेट. ते गिऱ्हाईक घेत नाही. २० वरून ४० टक्क्यांवर नेताना आपल्या घाणात २६५ लिटर पाणी उडवायला लागतं, शिवाय गाळणीवर उरलेला गाळ (केक) धुतल्याचं पाणी वेगळं. विकत घेतलेल्या वाफेवर हे केलंत तर भट्टीचं वाचवलेलं इंधन बाष्पीभवनात गेलं. ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) दीडशे अंशांच्या वर, दाबाखाली केलं तर दाट घोळ चालतो, वेळ वाचतो आणि थोडा हट्टी सिलिकाही विरघळतो. पण ऑटोक्लेव्हचा खर्च, त्याची तपासणी, त्यावरचा माणूस, हे सगळं छोट्या युनिटला झेपेलच असं नाही.

म्हणून माझं मत असं की हा कारखाना अंबरनाथच्या गाळ्यात नाही, तूस जाळणाऱ्या बॉयलरच्या कुंपणाला लागून शोभतो. वाफही तिथलीच, राखही तिथलीच, आणि आपल्या मालासाठी बॉयलरची आच जरा सांभाळा असं रोज सांगायला तुम्ही शेजारीच. अंबरनाथ, तळोजा, तारापूर इथे गिऱ्हाईक आहे, पण गिऱ्हाइकाकडे टँकर जातो, तिथे टाकी न्यायची गरज नाही. अर्थात ४० टक्क्यांच्या मालात ६० टक्के पाणीच वाहून नेताय हे विसरू नका. शंभर-दीडशे किलोमीटरपलीकडे हा माल पाठवणं बहुधा अंगावर येतं.

गाळणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रोजेक्ट रिपोर्टात तिला एक ओळ असते आणि शॉपफ्लोअरवर निम्मा दिवस तिच्यात जातो. उकळी झाल्यावर टाकीत जे असतं ते काळं, तेलकट दिसणारं सूप. कार्बनचे बारीक कण फिल्टर प्रेसच्या कापडावर बसतात आणि पहिल्या दहा मिनिटांत छिद्रं बुजवून टाकतात. पंपाचा दाब वाढतो, धार बारीक होते आणि नवखा ऑपरेटर दाब आणखी वाढवतो. मग कापडाच्या कडेने काळं पाणी फुटतं. करायचं ते असं: घोळ ८० अंशांच्या खाली येऊ द्यायचा नाही, सुरुवात अगदी कमी दाबाने करायची, पहिली गढूळ धार परत टाकीत सोडायची आणि कापडावर केकचा पातळ थर बसला की मग दाब चढवायचा. पाळी संपली की प्रेस, पंप, व्हॉल्व्ह सगळं गरम पाण्याने धुवायचं. सिलिकेट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आणि सुकण्याने घट्ट होतं. रात्रभर व्हॉल्व्हमध्ये राहिलं तर सकाळी हातोडीच घ्यावी लागते. जमिनीवर सांडलं तर आधी निसरडं होतं आणि सुकलं की काचेसारखं पाय कापतं.

रंगाचीही कटकट आहे. अर्धवट जळलेल्या राखेतले सेंद्रिय पदार्थ कॉस्टिकमध्ये उतरतात आणि माल कोऱ्या चहासारखा होतो. साबण-डिटर्जंटवाले तो परत करतात. तळोज्याच्या एका पार्टीचा टँकर केवळ रंगावरून परत आलेला मी पाहिलाय, बाकी सगळे आकडे बरोबर असताना. पुठ्ठ्याचे खोके चिकटवणारे आणि फाउंड्रीवाले रंगाकडे तितकं बघत नाहीत. त्यामुळे सुरुवातीचं गिऱ्हाईक तिथे शोधा. फाउंड्रीत वाळूच्या साच्याला सिलिकेट लावून कार्बन डायऑक्साइड सोडतात, साचा मिनिटभरात कडक होतो. कापड ब्लीच करताना पेरॉक्साइड एकदम उडून जाऊ नये म्हणूनही सिलिकेट लागतं, पण तिथे लोखंडाचं प्रमाण तपासून घेतील.

बाजारात माल बॉमेवर विकला जातो. हायड्रोमीटर टाकायचा, आकडा वाचायचा, बोटांना तार किती सुटते ते बघायचं, झाला सौदा. बॉमे हा फक्त घनतेचा आकडा आहे. कॉस्टिक जास्त आणि सिलिका कमी असला तरी बॉमे तोच दाखवता येतो, गरम माल मोजला तर आणखीच वेगळा. गुणोत्तर टायट्रेशननेच कळतं: नमुना पातळ करून मिथिल ऑरेंजवर हायड्रोक्लोरिक आम्लाने सोडियम ऑक्साइड काढा, मग सोडियम फ्लोराइड घाला, सिलिकामुळे अल्कली सुटते, ती जास्तीचं आम्ल घालून मागे मोजली की सिलिका मिळतो. फ्लोराइड विषारी आहे, हातमोजे घाला, पिपेट तोंडाने ओढू नका. नमुने प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. काचेच्या बाटलीचं बूच पुन्हा निघत नाही. उघड्या टाकीत २ ते २.५ गुणोत्तर आरामात मिळतं. ३ च्या वरचं 'न्यूट्रल' (कमी अल्कलीचं) हवं असेल तर भट्टीवाल्यांशी त्या मैदानात लढू नका.

उरलेला काळा केक हा तुमचा दुसरा प्रश्न. आपल्या घाणात न विरघळलेला सिलिका १३ किलो, कार्बन ८, क्षार ५, असा २६ किलो सुका केक. प्रेसमधून निघतो तेव्हा त्यात साधारण तेवढंच पाणी, म्हणजे ५० किलोच्या वर ओला. त्या पाण्यात तुमचं सिलिकेटही जातं, म्हणून धुवायचं. धुतलं की पाणी वाढतं, पाणी वाढलं की वाफ वाढते. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणून तो विकायचं मनातून काढा. निम्म्याहून जास्त तर त्यात सिलिका आणि क्षार आहेत, आणि खरेदीदार आयोडीन व्हॅल्यू (कार्बन किती शोषतो याचा आकडा) मागेल. कोणी वीटभट्टीवाला नीट धुतलेला केक घेत असेल तर देऊन मोकळे व्हा. न धुतलेला केक कुठल्याही नाल्याकाठी टाकता येत नाही, तो चांगलाच अल्कधर्मी असतो.

प्रेसिपिटेटेड सिलिका ऐकायला छान वाटतो. गुडइयरने २०१४ साली टायरसाठी तुसाच्या राखेतला सिलिका वापरायचं जाहीर केल्यापासून मला त्यावर बरीच विचारणा होते. पण सल्फ्युरिक आम्लाने सिलिका पाडला तर आपल्या घाणात ७४ किलो सिलिकामागे ७४ किलोच्या आसपास सोडियम सल्फेट पाण्यात उरतं. किलोला किलो! साध्या ईटीपीने (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेने) हे मीठ निघत नाही. आम्लाऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडला तर सोडियम कार्बोनेट बनतं, त्यात चुना घातला की कॉस्टिक परत मिळतं आणि ५२ किलो कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. बंगळुरूच्या आयआयएससीने याच वाटेवर तंत्रज्ञान उभं केलंय. कागदावर चक्र पूर्ण होतं. प्रत्यक्षात परत आलेलं कॉस्टिक पातळ असतं आणि ते पुन्हा आटवावं लागतं. शिवाय रबरवाल्याला कणांचा पृष्ठभाग, ओलावा, पीएच हे सगळं दर बॅचला तेच हवं. सिलिकेट वर्षभर एकसारखं काढून दाखवल्याशिवाय इकडे वळू नका.

साखर कारखान्याची राख. बगॅसच्या राखेत सिलिका ६०-७५ टक्के असतो, पण त्यातला बराचसा उसाबरोबर आलेल्या मातीतला, म्हणजे क्वार्ट्झ. जोडीला अ‍ॅल्युमिना, लोखंड. सिलिकेटला ती नको. पण कारखान्याला डिस्टिलरी असेल आणि तिचं स्पेंट वॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारं सांडपाणी) बॉयलरमध्ये जाळत असतील, तर ती राख वेगळीच चीज आहे, त्यात पोटॅश भरलेलं असतं. मळीपासूनचं पोटॅश म्हणून खत कायद्यात तिला जागा आहे, किमान १४.५ टक्के पोटॅशची अट आहे आणि अनुदानही लागू झालंय. आपला देश पोटॅश जवळजवळ सगळं आयात करतो, त्यामुळे कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे या राखेला आता भाव आहे. ती कोणी फुकट देणार नाही. कोणी दिलीच तर सिलिकेट विसरा आणि तोच धंदा करा. पाण्यात विरघळवून क्लोराइड आणि सल्फेट वेगळे काढायचं कामही होऊ शकतं, पण ते मोठ्या भांडवलाचं.

आणि तुमची राख तपासणीत स्फटिकी निघाली तर? टाकून द्यायची गरज नाही. पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूवर उष्णता राखायला तुसाची राख पसरतात, त्यांना असा माल चालतो. बारीक दळलेली अस्फटिकी राख काँक्रीटमध्ये जाते, काँक्रीटच्या भारतीय मानकात (आयएस ४५६) तिचा उल्लेख आहे. राख चाळून, प्रतवारी करून, पोत्यात भरून विकणं हा सिलिकेटपेक्षा कमी डोकेदुखीचा धंदा आहे, मला विचाराल तर तुम्ही सुरुवात तिथूनच करावी. धुळीचा मास्क मात्र साधा कापडी नको. स्फटिकी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि ती कर्करोगकारक म्हणूनही नोंदलेली आहे. पोती भरणाऱ्या माणसाला हे स्पष्ट सांगा आणि राख आधी ओलसर करून घ्या.

परवानगीचं म्हणाल तर जागेचा टोकन देण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तुमचं उत्पादन कोणत्या वर्गात बसतं ते विचारून घ्या. आधी स्थापनेची संमती, मग चालवण्याची. गाळामालक 'सगळं होतं हो' म्हणतो, त्यावर जाऊ नका.

तूर्त एवढं करा: मेहुण्याला घेऊन त्या बॉयलरवर चार-पाच फेऱ्या मारा, वेगवेगळ्या पाळ्यांची राख आणा, वर सांगितलेली उकळीची चाचणी करा. राखेपैकी ७० टक्के दर वेळी विरघळत असेल तर बॉयलरवाल्याशी लेखी करार करा. त्यात इंधन फक्त तूस, शेगडी आणि सायक्लोनची राख वेगळी, आणि इंधन बदललं तर आठ दिवस आधी कळवणं, ही कलमं घाला. फुकट राखेसाठी करार कशाला, असं तो हसून म्हणेल. टनामागे थोडे पैसे देऊ करा, म्हणजे सही करेल.